विमलमावशीला होऊन गेला होता

तुम्ही पुन्हा कधीच आजारी पडणार नाही, असं तुम्हाला कुणी सही-शिक्क्यानिशी लिहून दिलंय का?

नसेल दिलं, तर दुसऱ्याला ते तोंडी सांगून टाकायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? हे मला विमलमावशीने विचारलं होतं. मी जयपूरला, पत्रकांच्या घरात वाढले. वडील रेल्वेत फिटर, युनियनचे कार्यकर्ते. घरात भांडी कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. शाळा हिंदी, त्यामुळे मराठी मी त्या पत्रकांवरूनच वाचायला शिकले. कुठल्याही अन्यायावर चार ठणठणीत ओळी लिहिता आल्या की काम झालं, असं मला वाटायचं. चार ओळींनी एखाद्याच्या हातातले मोजेही काढून घेतले जातात, हे मला मावशीमुळे कळलं.

विमल वानखडे मूळची मूर्तिजापूरकडची. नवरा रेल्वेत गँगमन होता. रोज रुळांवरून चालत जायचं, कुठे खिळा ढिला झालाय, कुठे गिट्टी सरकलीय ते पाहायचं आणि ठाकठीक करायचं, हे त्याचं काम. बदलीवर जयपूरला आला आणि इथेच गेला. त्याच्या जागेवर मुलाला नोकरी लागली, ती भुसावळला. मावशी मात्र शास्त्री नगरात आमच्या गल्लीतच राहिली आणि शहरातल्या एका खाजगी इस्पितळात आया म्हणून कामाला जात राहिली. त्या इस्पितळाचं नाव इथे नको.

रेल्वे सुटली तरी तिच्या बोलण्यातून सुटली नाही. पेशंटना ती खाटेच्या नंबरने ओळखायची, पण बर्थ असल्यासारखी. "चौदा नंबर लोअर आज जेवला बाई," असं आम्हाला रस्त्यातच सांगायची. इस्पितळात अप्पर कुठे असतो, असं विचारलं तर म्हणायची, "अप्पर गेले ते वरतीच गेले. मी लोअरवाल्यांचं सांगून राह्यली." पेशंटशी हिंदी, तीही 'जी' लावून. आमच्याशी वऱ्हाडी. आणि राग आला की कुणाशीही वऱ्हाडीच. मारवाडी डॉक्टरालाही तिच्या चेहऱ्यावरून नेमकं काय म्हणतेय ते समजायचं.

तिचा सगळ्यात लाडका शब्द 'कॉशन'. रुळाची दुरुस्ती झाली की त्या तुकड्यावरून गाडी सावकाश नेण्याचा लेखी हुकूम ड्रायव्हरला देतात, तो कॉशन. मावशीकडे प्रत्येक गोष्टीला कॉशन होता. चहा हातात देताना, "कॉशन हाय, फुंकून पी." गच्चीच्या जिन्याची तिसरी पायरी मोडकी होती, तिथे, "कॉशन." माझ्या लग्नाचा विषय निघाला की आईला, "कॉशन ठेव जरा, पोरगी काही पळून नाई चालली."

आणि हातमोजे घालायची तिची रीत मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. मोजा झटकून त्यात हवा भरायची, मनगटाशी मूठ वळायची आणि फुगलेला मोजा कानाशी धरायची. डोळे मिटून. कुठून हवा निघतेय का, ऐकायची. नवरा हातोड्याने रूळ ठोकून आवाजावरून तडा ओळखायचा म्हणे. ही मोज्याला कान लावून भोक ओळखायची.

करोनाच्या पहिल्याच वर्षी तिला तो झाला. वॉर्डातूनच लागला असणार. ती त्याचं नाव घ्यायची नाही, 'तो' म्हणायची. चौदा दिवस एकटी खोलीत होती. आई दाराबाहेर डबा ठेवायची आणि मागे सरून उभी राहायची. आतून मावशीचा आवाज यायचा, "भाजीत मीठ हाय का नाई, मले समजून नाई राह्यलं. तूच सांग अन् मी जेवते." वास गेला, चव गेली, जिना चढताना दम लागायला लागला. मग हळूहळू बरी झाली आणि कामावर रुजू झाली.

त्या दिवसापासून गल्लीत तिची जात बदलली.

हे मी उगाच तिखट लिहीत नाही. आमची आणि मावशीची घरमालकीण एकच, ती वरच्या मजल्यावर राहायची. पंधरा वर्षं मावशी तिच्याकडे भाडं द्यायला जायची आणि दारातच उभी राहायची. ती इस्पितळात लोकांची घाण काढते, शिवाय तिच्या घरात कुणाचा फोटो आहे ते साऱ्यांना ठाऊक. मालकीण पाणी द्यायची, पण वेगळ्या गिलासात. पहिल्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास मालक तापले, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, सुना माहेरी निघून गेल्या. मालकीण जिन्यात येऊन हाका मारायला लागली, "विमलजी! विमलजी, आपको तो हो चुका है ना? अंदर आ जाइए, सीधे रसोई में आ जाइए."

विमलजी! पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

मावशी गेली. पण जाताना दोन मास्क घेऊन गेली, एक स्वतःला आणि एक मालकिणीला. वर जाऊन आधी सगळ्या खिडक्या उघडल्या आणि म्हणाली, "हमको हुआ था, मगर हम ला भी सकते हैं. पहले तुम मास्क लगाओ." रोज दोन वेळा जाऊन मालकांचा ताप बघायची, बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन बघायची, पेज भरवायची. पहिल्या दिवशी खाली आली आणि आमच्या उंबऱ्याबाहेर बसून हसायलाच लागली.

"काय झालं मावशी?"

"त्यांच्या माठातून पाणी काढलं मी आज. स्वतःच्या हातानं. पंधरा वर्षांत जे नाई झालं ते चौदा दिवसांत झालं बाप्पा! त्यानं मले सोवळी करून सोडली."

माझं डोकं तापलं. "तू कशाला जातेस मग त्यांच्याकडे?"

"मालकाले ताप हाय," ती म्हणाली, जणू एवढं उत्तर पुरेसं होतं. तिच्या दृष्टीने होतंही.

तेव्हा साऱ्या गल्लीची एकच समजूत होती की विमलमावशी जाते, कारण तिला आता काही होत नाही. मलाही तसंच वाटत होतं. ती कवच घातलेली बाई आहे आणि म्हणून निर्भय आहे. तिचं धाडस मी तिच्या रक्ताच्या खात्यात टाकून मोकळी झाले होते.

मावशीला मात्र नीट माहीत होतं. तिने वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं की मला पुन्हा होईल का? त्यांनी सांगितलं, एकदा होऊन गेला की शरीर त्याला ओळखायला शिकतं, दुसऱ्यांदा बहुतेक वेळा त्रास कमी होतो. पण ती ओळख हळूहळू पुसट होते, कुणाची लवकर, कुणाची उशिरा. विषाणूही रूप बदलतो. आणि स्वतःला फारसं न होता तो दुसऱ्याला देताही येतो. मावशीने हे सगळं मला एका वाक्यात सांगितलं.

"रूळ दुरुस्त झाला म्हणून लगेच मेल सोडत नाईत पोरी. आधी कॉशन लागते. अन् पक्का झाला तरी पुन्हा ढिला पडते, म्हणून तर माणूस रोज चालत जाऊन पाहते."

नंतर इस्पितळातल्या लोकांना लस मिळायला लागली. रांगेत कुणीतरी तिला म्हणालं, "मौसी, आपको तो हो चुका, आपको क्या ज़रूरत?" मावशी म्हणाली, "गिट्टी भरवाने आई हूँ." विचारणाऱ्याला काही कळलं नाही. रुळाखालची गिट्टी सरकली की ती पुन्हा दाबून भरतात. मावशीने दोन्ही वेळा जाऊन भरून घेतली.

आता माझ्या पत्रकाकडे येते. दुसरी लाट वर चढत होती. शेजारी शेजाऱ्याच्या दारात जात नव्हता. मला वाटलं, ज्यांना होऊन गेलाय त्यांनी पुढे यावं, डबे पोचवावेत, आजाऱ्यांची विचारपूस करावी. आणि त्यासाठी विमलमावशीसारखं उदाहरण कुठलं? मी एका रात्रीत पत्रक लिहिलं, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला हिंदी. शंभर प्रती काढल्या, आईकडून खळ शिजवून घेतली, आणि गल्लीत, दुधाच्या बूथवर, अगदी मावशीच्या इस्पितळाच्या सायकल स्टँडच्या भिंतीवरही चिकटवून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी एक प्रत हातात घेऊन आमच्या दारात आली. ड्यूटीची वेळ असताना ती घरी कशी, हे मला विचारायला हवं होतं. पण तिने आधी मराठी बाजू माझ्यासमोर धरली.

"वाच बरं हे."

मी अभिमानाने वाचलं, "आपल्या शास्त्री नगरच्या होऊन गेलेल्या श्रीमती विमल वानखडे यांच्यापासून प्रेरणा घ्या."

"मेली मी?"

"अं?"

"होऊन गेलेले म्हणजे गेलेले, पोरी. महापुरुष होऊन जातात. मले *तो* होऊन गेला, मी नाई होऊन गेली. मी अजून हाय. हे पाह्य, हात लावून पाह्य."

हिंदीत 'जिन्हें हो चुका है' असं मनात धरून मी त्याचं मराठी केलं होतं. वडील आतल्या खोलीत खो खो हसत सुटले. मीही हसले. मावशी हसली नाही. तिने कागद उलटला.

हिंदी बाजूला मोठ्या अक्षरांत होतं, 'जिसे हो चुका, उसे अब डर नहीं!'

"हे स्टोरबाबूनं मले वाचून दाखवलं," ती म्हणाली.

इस्पितळात किट कमी पडायला लागले होते. किट म्हणजे वॉर्डात जाताना घालायचा तो पांढरा झगा, मोजे, मास्क, तोंडावरचा पारदर्शक पडदा. सामान वाटणाऱ्या स्टोरबाबूने सकाळी हिशोब करून ठरवलं की ज्यांना होऊन गेलाय त्यांना किट द्यायचं कारण नाही, साधा मास्क पुरे. अशा चार आया होत्या, चौघींनाही लस झालेली. मावशीने किट मागितला तेव्हा तो म्हणाला, "मौसी, आपको तो डबल सुरक्षा है. हम नहीं कह रहे, आपकी ही गली का पर्चा कह रहा है. बाहर दीवार पर लगा है, आपका नाम है उस पर." आणि भिंतीवरून काढून आणलेली प्रत त्याने काउंटरवर पसरली.

मी खाली बसले. वडिलांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मग तू आत गेलीस?" मी विचारलं.

"नाई गेली."

आणि मग तिने जे सांगितलं ते मी जन्मभर विसरणार नाही. ती बाकीच्या तिघींना घेऊन वॉर्डाच्या दारात उभी राहिली. आतून नऊ नंबर पाणी मागत होता. म्हातारा माणूस, ऑक्सिजनवर. त्याचा आवाज ती ओळखत होती. त्यांतली एक रडायला लागली, म्हणाली, "विमलताई, मी जाते तशीच." मावशीने तिचा हात धरून ठेवला. मेट्रन आली, किट घातलेली. म्हणाली, "विमल, मरीज़ पानी माँग रहा है, तुम्हें शर्म नहीं आती?" मावशी म्हणाली, "आती है मैडमजी, बहुत आती है. किट आपने पहना है. पानी आप दे दीजिए."

मेट्रनने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पाणी घेऊन आत गेली.

"नऊ नंबरनं माझं नाव घेऊन हाक मारली पोरी, दोनदा," मावशी म्हणाली. "ते मले अजून टोचून राह्यलं. पण आज मी तशी गेली असती तर उद्या कोणालेच भेटला नसता किट. सगळ्या आयांले होऊनच गेला म्हटलं असतं." मग ती भिंतीला टेकली आणि मला म्हणाली, "चल, लिही. मी सांगते तसं लिही. घोषणा नको. अर्ज."

ती वऱ्हाडीत सांगत गेली, मी हिंदीत लिहीत गेले. चारच वाक्यं होती. आम्हा चौघींना एकदा करोना झाला आहे. पुन्हा होणार नाही, असं आम्हाला कोणी लेखी दिलेलं नाही. तोंडी सांगणाऱ्यांनी खाली सही करावी. सही मिळाल्यास आम्ही किटशिवाय काम करू.

"आता खाली जागा सोड. तिथं लिही, मी प्रमाणित करतो की या चौघींना पुन्हा होणार नाही, अन् यांच्यापासून दुसऱ्या कोणाले होणार नाही. मंग रेघ मार. सहीले. अन् शिक्क्याले चौकोन."

मी चौकोन काढला. पत्रकांच्या घरात वाढूनही असा कागद मी पाहिला नव्हता. त्यात एकही शिवी नव्हती, एकही मागणी नव्हती, उद्गारचिन्हसुद्धा नव्हतं. फक्त एक रिकामी रेघ होती आणि एक रिकामा चौकोन.

ती लगेच परत गेली. मीही मागोमाग गेले आणि बाहेर स्टँडवर थांबले. नंतर तिच्याच तोंडून कळलं ते असं. स्टोरबाबू अर्ज वाचून आधी हसला. मग रेघेपाशी आला आणि थांबला. म्हणाला, हे मेट्रनचं काम. मेट्रन म्हणाली, मी काय डॉक्टर आहे? डॉक्टरीणबाईंनी वाचलं, पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "यावर कोणीच सही करू शकत नाही." कागद तीन टेबलं फिरून तसाच कोरा परत आला. संध्याकाळच्या आत चौघींना चार किट मिळाले.

मावशी किट घालून आत गेली. आधी नऊ नंबरकडे. तो झोपला होता. ती त्याला जाग येईपर्यंत पाण्याचा गिलास धरून उभी राहिली.

ड्यूटी संपल्यावर ती बाहेर आली तेव्हा मी सायकल स्टँडच्या भिंतीवरची माझी पत्रकं नखांनी खरवडत होते. निघत नव्हती. मावशीने आतून बादलीभर गरम पाणी आणि उलथनं आणलं आणि माझ्या शेजारी उभी राहून खरवडायला लागली.

"तुझी खळ पक्की हाय बाप्पा," ती म्हणाली. "त्या अँटीबॉडीपेक्षा पक्की."

मला रडू आलं. मी म्हटलं, "मावशी, मला वाटायचं तुला भीती नाही."

"भीती नाई?" तिने उलथनं थांबवलं. "रोज झगा चढवताना गाठी दोन-दोनदा तपासून पाहते मी. चौदा दिवस मी एकटी पडली होती त्या खोलीत. रोज वाटे, उद्याचा डबा घ्याले उठते का नाई. मले माहीत हाय तो कसा हाय. तुमाले नाई माहीत."

मग मालकांकडे कशी गेलीस, वॉर्डात कशी जातेस, हे मला विचारवलं नाही. ती पुन्हा भिंत खरवडायला लागली होती. इतकी वर्षं शूर माणसांविषयी वाचत आले, लिहीत आले. पण शौर्य इतक्या जवळून, हातात उलथनं घेऊन भिंत खरवडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

दोन आठवड्यांनी स्टोरबाबू स्वतः त्याच वॉर्डात दाखल झाला. त्यालाही पहिल्या वर्षी होऊन गेला होता, म्हणून तो मास्क हनुवटीवर लावून हिंडायचा. मावशीने त्याची गोष्ट सांगितली ती सहज, कपडे वाळत घालता घालता. "सहा नंबर लोअर झाला बिचारा. म्हणते कसा, 'मौसी, मुझे तो हो चुका था!' मी म्हटलं, 'होता है बाबूजी, दूसरी बार भी होता है. मुँह खोलो.' अन् खिचडी भरवली."

"बस? आणखी काही सुनावलं नाहीस?"

"खिचडी गरम होती," ती म्हणाली. "फुंकून द्या लागत होती."

स्टोरबाबू बरा होऊन घरी गेला. नऊ नंबर मात्र गेला नाही घरी. त्याच्याबद्दल मावशी कधी जास्त बोलली नाही.

यंदा ती साठीची झाली आणि तिने काम सोडलं. मुलाने भुसावळला बोलावून घेतलं. शेवटच्या दिवशी इस्पितळात छोटासा निरोप समारंभ होता. मी तिला न्यायला गेले होते, म्हणून मागे उभी होते. व्यवस्थापक भाषणात म्हणाले की करोनाचा सारा काळ हिने पार केला, हिची इम्युनिटी किती जबरदस्त आहे! टाळ्या पडल्या. मावशीने शाल नीट घडी घालून पिशवीत ठेवली आणि हात जोडले.

आम्ही लिफ्टऐवजी जिन्याने उतरलो. तिला अजूनही दर मजल्यावर थांबावं लागतं. तळमजल्याच्या बाहेरच्या दारापाशी आलो, रिक्षा समोर उभी होती. मी पिशवी रिक्षात ठेवली आणि वळून पाहिलं, तर मावशी दारातच थांबली होती. आतल्या लांब कॉरिडॉरमध्ये एक नवी बाई, कंत्राटावर नुकतीच लागलेली, खोकणाऱ्या पेशंटांच्या रांगेपाशी उकिडवी बसून सांडलेलं काहीतरी फडक्याने पुसत होती. हात उघडे. तोंडाला पदर.

"दस्ताने कहाँ हैं तुम्हारे?" मावशीने विचारलं.

बाईने वर पाहिलं. "स्टोरवाले बोले, अब तो सबको हो चुका है."

"मावशी, रिक्षा," मी म्हटलं. "आणि तू आता इथे कामाला नाहीस."

तिने ऐकलं की नाही, माहीत नाही. तिने त्या बाईच्या हातातलं फडकं काढून बादलीत टाकलं, तिला दंडाला धरून उठवलं आणि तिला घेऊन कॉरिडॉरच्या टोकाकडे, स्टोरच्या खिडकीकडे चालू लागली. सावकाश, एक हात भिंतीला टेकत. तासाभरापूर्वी निवृत्त झालेली बाई. माझ्या डोळ्यांत राहिलेली विमलमावशी ती अशीच, पाठमोरी. मी रिक्षात बसून वाट पाहिली, पण ती बाहेर आली तेव्हा खूप उशीर झाला होता, आणि मग भुसावळची गाडी गाठायच्या घाईत तिच्याकडे नीट पाहायचं राहूनच गेलं.

म्हणून माझं एक काम करा. या आठवड्यात तुमच्या जवळच्या दवाखान्यात जा, आजारी असाल किंवा नसाल. तिथे फरशी पुसणाऱ्या बाईचे हात पाहा. उघडे असतील, तर स्टोरची खिडकी कुठे आहे ते विचारा, आणि तिच्याबरोबर तिथपर्यंत चालत जा.